झोअँथिडची बाग : रंग सगळ्यात शेवटी निवडावा

आमच्या टँकवरचे, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयावरचे, निळे दिवे सकाळी दहाला लागतात, तेव्हा खडकावरचे झोअँथिड अजून मिटलेलेच असतात. त्यांतला एकेक जीव म्हणजे पॉलिप; मिटलेला पॉलिप म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढे तपकिरी बोंड. त्याच्या आत काय दडले आहे याचा बाहेरून काहीच अंदाज येत नाही. मग बोंडाच्या टोकाला बारीक फट पडते, तिच्यातून केसांसारखी नाजूक टोके बाहेर डोकावतात, आणि अर्ध्या तासाच्या आत नारिंगी चकती, तिच्याभोवती हिरवे कडे आणि सगळ्यात बाहेर जांभळी झालर असे ते फूल पूर्ण उघडते. कोथरूडच्या आमच्या घरी येणारे पाहुणे हे बघून पहिला प्रश्न विचारतात तो म्हणजे, "ही फुलं खरी आहेत का?" त्यांच्यापैकी ज्याला या छंदाची गोडी लागते, त्याचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो : "मग मी कोणते रंग आणू?" हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. अनेक वर्षे टँक सांभाळल्यावर माझे ठाम मत असे झाले आहे की, झोअँथिडची बाग लावताना रंग सगळ्यात शेवटी निवडावा. त्याआधी जात, वाढीचा वेग, प्रकाश आणि विष या चार गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

झोअँथिड हे फूल नाही, वनस्पतीही नाही. तो प्राणी आहे आणि समुद्रफुले व प्रवाळ यांच्या कुळातला आहे. मात्र बेटे उभारणाऱ्या प्रवाळासारखा चुनखडीचा कठीण सांगाडा तो तयार करत नाही. एकेक पॉलिप म्हणजे एक मांसल नळी, तिच्या वर एक चकती, चकतीच्या मध्यभागी फटीसारखे तोंड आणि काठाने शुंडकांच्या दोन ओळी. हे पॉलिप तळाशी एका सलग मऊ थराने एकमेकांना जोडलेले असतात. छंदातले लोक या थराला मॅट म्हणतात. दुर्वा जशा जमिनीलगत सरकत जागोजागी नवे कोंब काढतात, तशी ही मॅट खडकावर पसरते आणि तिच्या कडेला नवे पॉलिप उगवतात. चार पॉलिपचा तुकडा, म्हणजे फ्रॅग, आणला की वर्ष-दोन वर्षांत त्याची ओंजळभर कॉलनी होऊ शकते ती यामुळेच.

टँकमध्ये सामान्यपणे दोन प्रजातींचे झोअँथिड येतात. झोअँथस, ज्याला सगळे प्रेमाने झोआ म्हणतात, आणि पॅलिथोआ, ज्याला पॅली म्हणतात. दोन्हींतला फरक ओळखता येणे ही या छंदातली पहिली विद्या आहे, कारण वाढ, भूक आणि विषारीपणा या तिन्ही बाबतींत दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. पॅलिथोआ आपल्या अंगात वाळूचे कण रुतवून घेतो, त्यामुळे त्याची नळी खरखरीत आणि मातकट दिसते. त्याची चकती बहुधा मोठी असते आणि समोर आलेला अन्नाचा कण तो चटकन मिटून गिळतो. झोअँथसच्या अंगात वाळू नसते. त्याची नळी गुळगुळीत, चकती लहान आणि रंग बहुतेक वेळा अधिक चमकदार. अन्न टाकले तरी तो फारसे लक्ष देत नाही. काही नमुने मात्र असे असतात की, नुसत्या डोळ्यांनी खात्री पटत नाही. तेव्हा तो पॅलिथोआच आहे असे धरून वागावे. याचे कारण विषाकडे वळल्यावर स्पष्ट होईल.

आता रंगांविषयी. झोअँथिडच्या पेशींमध्ये अतिसूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते. ते प्रकाशापासून अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. या शैवालाचा रंग तपकिरी असतो, म्हणून प्रत्येक झोअँथिडच्या खाली तपकिरी अस्तर असतेच. आपण ज्याच्यावर भाळतो ते हिरवे, नारिंगी, गुलाबी रंग त्या अस्तरावर प्राण्याने स्वतः तयार केलेल्या प्रथिनांचे असतात. यातली बरीच प्रथिने प्रतिदीप्त असतात, म्हणजे निळा प्रकाश शोषून घेऊन हिरवा, पिवळा किंवा लाल प्रकाश परत सोडतात. अशा पहिल्या हिरव्या प्रथिनाचा शोध ओसामू शिमोमुरा यांनी 1962 मध्ये एका जेलीफिशमध्ये लावला आणि त्या कामासाठी 2008 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांच्यासह विभागून मिळाले. त्याच घराण्यातली हिरवी आणि पिवळी प्रथिने 1999 मध्ये झोअँथसमध्येही सापडली, आणि आज ती जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये पेशींना खूण करण्यासाठी वापरली जातात. आपल्या दिवाणखान्यातल्या टँकमध्ये चमकणारा हिरवा रंग आणि प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखालचा हिरवा रंग असे नात्यातले आहेत, याचे मला आजही अप्रूप वाटते.

या माहितीचा खरेदीशी थेट संबंध आहे. विकणाऱ्याने पाठवलेला फोटो जवळजवळ नेहमी गडद निळ्या दिव्याखाली काढलेला असतो. त्या प्रकाशात प्रतिदीप्त रंग अंधारात निखारा दिसावा तसे पेटून उठतात आणि बाकीचे रंग बुडून जातात. तोच फ्रॅग पांढऱ्या प्रकाशाच्या टँकमध्ये ठेवला की हिरवा हिरवाच राहतो, पण फोटोतला धगधगता लाल पुष्कळदा विटकरी होतो. उलटही घडते : काही जांभळे आणि निळे रंग प्रतिदीप्त नसतात, ते केवळ प्रकाश परावर्तित करतात, आणि त्यामुळे निळ्या दिव्यात काळपट वाटणारा फ्रॅग पांढऱ्या प्रकाशात सुंदर दिसतो. म्हणून विकणाऱ्याला न संकोचता सांगावे की, पांढऱ्या दिव्याखालचा एक फोटो पाठवा. आणि दुकानात समोर उभे असाल तर दोन मिनिटे पांढरे दिवे लावायची विनंती करावी. टँक तुम्ही दिवसाच्या ज्या वेळी बसून बघणार आहात, त्या वेळच्या प्रकाशात जो रंग आवडेल तोच तुमचा रंग. शिवाय नव्या टँकमध्ये आल्यावर काही आठवडे रंग बदलतो. प्रकाश कमी पडला की शैवाल वाढते आणि पॉलिप तपकिरी पडतो. एकदम जास्त झाला तर तो फिकट पडतो. या बदलांना घाबरून फ्रॅग रोज उचलून इकडून तिकडे ठेवणे हीच सगळ्यात मोठी चूक असते.

नावांविषयी थोडक्यात सांगतो. रास्ता, ड्रॅगन आय, ईगल आय, फ्रूट लूप्स, बॅम बॅम, सनी डी, अटर केऑस अशी नावे ऐकून नवा माणूस भांबावतो. ही शास्त्रीय नावे नव्हेत, व्यापारात रूढ झालेली नावे आहेत, आणि एकाच नावाखाली दोन ठिकाणी दोन वेगळे नमुने विकले जाऊ शकतात. किंमतही पुष्कळदा दर पॉलिपमागे सांगितली जाते, आणि दुर्मीळ म्हणवल्या जाणाऱ्या नमुन्याच्या एका पॉलिपच्या किमतीत साध्या झोआचा दहा-पंधरा पॉलिपचा तुकडा येऊ शकतो. पहिल्या वर्षी हा दुसरा तुकडाच घ्यावा. साधा झोआ चुका सोसतो, आणि दिसायला तो कोणत्याही अर्थाने कमी नसतो.

बागेच्या मांडणीचा खरा आधार वाढीचा वेग हा आहे, आणि याच ठिकाणी बहुतेक बागा बिघडतात. गच्चीवर कुंड्या लावणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असते की, पुदिना दुसऱ्या रोपांबरोबर एका कुंडीत लावू नये. वर्षभरात कुंडी पुदिन्याची होते. टँकमधला पुदिना म्हणजे हिरवा पॅली. तो देखणा आहे, कणखर आहे, मात्र मुख्य खडकावर एकदा रुजला की सावकाश वाढणाऱ्या नाजूक झोआंच्या डोक्यावरून जातो. झोआ एकमेकांना फारसे डंख करत नाहीत, त्यामुळे वेगवेगळ्या रंगांच्या कॉलन्या शेजारी-शेजारी नांदू शकतात. पण उंच पॉलिप ठेंगण्यावर सावली धरतो आणि ठेंगणा हळूहळू नाहीसा होतो. यावरचा उपाय सोपा आहे. मॅट वाळूवरून सहसा सरकत नाही, तिला घट्ट पृष्ठभाग लागतो. म्हणून जोमाने वाढणाऱ्या प्रत्येक जातीला वाळूवर तळहाताएवढा वेगळा दगड द्यावा आणि दोन दगडांत चार बोटांचे अंतर ठेवावे. मुख्य खडक मंद वाढणाऱ्या, लहान चकतीच्या झोआंसाठी राखावा.

रंगसंगतीचा विचार इथे येतो. निळ्या दिव्यात हिरवा सगळ्यांवर मात करतो, म्हणून हिरवे नमुने मोजकेच ठेवावेत आणि दोन तेजस्वी कॉलन्यांच्या मध्ये एखादी गडद जांभळी किंवा विटकरी कॉलनी बसवावी. पैठणीचा काठ उठून दिसतो तो अंगाच्या रंगामुळे. तेच इथे लागू आहे. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात एका रंगाचा भरगच्च ताटवा लांबून जसा डोळ्यात भरतो, तशी एकाच झोआची तीस-चाळीस पॉलिपची कॉलनी खोलीच्या दारातून दिसते. वीस जातींचे दोन-दोन पॉलिप ठेवले तर लांबून नुसते ठिपके दिसतात आणि जवळ गेल्यावर नजर कुठेच ठरत नाही. तीन फुटी टँकला पाच ते सहा जाती पुरतात, असे माझे मत आहे. त्यातही दोन जातींच्या चकत्यांचे आकार वेगळे असावेत, म्हणजे नुसता रंगाचा नव्हे तर पोताचाही फरक दिसतो.

फ्रॅग निवडताना उघडलेल्या पॉलिपपेक्षा मॅटकडे आधी बघावे. मॅट घट्ट असावी, ती प्लगच्या, म्हणजे फ्रॅग ज्या छोट्या बैठकीवर चिकटवलेला असतो तिच्या, कडेवर पसरू लागलेली असावी आणि काठाने मोहरीएवढी नवी पॉलिप दिसावीत; ही तीन लक्षणे असलेला फ्रॅग तिथे रुळला आहे असे समजावे. पॉलिपच्या नळ्या लांबच लांब ताणलेल्या असतील तर त्यांना प्रकाश कमी पडतो आहे. एखादा पॉलिप वितळल्यासारखा, किंवा अंगावर बारीक पांढरे-पिवळे फोड आलेला दिसला, तर अख्खा फ्रॅग सोडून द्यावा. प्लग उलटा करून खालूनही तपासावा : काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा चपटा, गोल शंख दिसला तर तो झोअँथिड खाणारा आहे.

सगळ्यात फसवा शत्रू म्हणजे झोअँथिडच खाऊन जगणारी बिनशंखाची समुद्री गोगलगाय, म्हणजे न्यूडिब्रँक. पहिल्या वर्षी मी एक फ्रॅग घाईने थेट टँकमध्ये ठेवला होता. दहा-बारा दिवसांनी एक सुरेख गुलाबी कॉलनी उघडेनाशी झाली. दिवसा काहीच दिसेना. रात्री अकराला टॉर्च घेऊन बसलो, तेव्हा मिटलेल्या पॉलिपमधला एक पॉलिप सरकला. तो पॉलिप नव्हताच. जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची ती गोगलगाय होती आणि तिच्या पाठीवरच्या बोटांसारख्या उंचवट्यांत तिने खाल्लेल्या पॉलिपचाच गुलाबी रंग उतरला होता. तेव्हापासून नवा फ्रॅग आधी डिपच्या, म्हणजे कीड मारणाऱ्या, द्रावणात बुडवून, मऊ ब्रशने हलका झाडून मगच आत जातो. डिपने गोगलगाय मरते, अंडी मरत नाहीत. नळीच्या बुंध्याशी बारीक पांढरी गुंडाळी दिसली तर ती अंडी असतात. ती चिमट्याने खरवडून काढावी लागतात. यासाठी छोट्या वेगळ्या टँकमध्ये महिनाभर क्वारंटाइन ठेवून दर आठवड्याला पुन्हा डिप करणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

आता विष. हा भाग कृपया घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवावा. अनेक पॅलिथोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचे द्रव्य असते आणि ते ज्ञात असलेल्या अतिविषारी नैसर्गिक द्रव्यांपैकी एक आहे. हवाई बेटांतल्या मावीवर हाना इथल्या दंतकथेत एका डबक्यातल्या जीवघेण्या 'शैवाला'चा उल्लेख येतो, ज्याचा रस भाल्यांच्या टोकांना लावला जाई. तिचा माग काढत मूर आणि श्यूअर या रसायनशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये हे द्रव्य वेगळे केले, आणि ते शैवाल नसून पॅलिथोआ असल्याचे निघाले. आपल्या पेशींत सोडियम आणि पोटॅशियमचे संतुलन राखणारा एक पंप असतो; पॅलिटॉक्सिन त्याला चिकटून त्याचे सताड उघडे दार करून टाकते. त्याने स्नायू, हृदय आणि डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते आणि त्यावर नेमका उतारा नाही, लक्षणांप्रमाणे उपचार करावे लागतात. झोअँथसमध्ये ते सहसा नसते किंवा फार कमी असते, पण या "सहसा"वर विसंबून राहू नये.

घाबरून छंद सोडण्याचे कारण नाही. नुसते हात घालण्याने धोका क्वचितच होतो. धोका होतो तो कापताना, खरवडताना आणि उकळताना. हातावर जखम असेल तर हातमोजे हवेतच. फ्रॅग कापताना डोळ्यांना बंद गॉगल आणि तोंडाला मास्क लावावा, कारण दाबलेला पॉलिप पिचकारीसारखे पाणी उडवतो. झोअँथिड चिकटलेला खडक कधीही उकळू नये, त्यावर गरम पाणी ओतू नये किंवा तो कोरडा घासू नये. हे विष उकळूनही नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर फुप्फुसांत जाते, आणि परदेशांत संपूर्ण कुटुंबे अशा वाफेने रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी आहेत. खडक स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये आणू नये. घरी कामाला येणाऱ्या ताईंना स्पष्ट सांगून ठेवावे की, टँकजवळची बादली, ब्रश आणि फडकी यांना हात लावायचा नाही आणि टँकमधला कोणताही दगड धुवायला घ्यायचा नाही. वापरलेली हत्यारे आणि सांडलेले पाणी यांच्यावर घरगुती ब्लीचचे द्रावण अर्धा तास ठेवावे, ते हे विष निष्प्रभ करते. काम झाल्यावर तोंडात धातूसारखी चव आली, डोळ्यांची आग झाली किंवा थंडी वाजून ताप आला, तर लगेच रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना "पॅलिटॉक्सिन" हा शब्द लिहून द्यावा.

पुण्याच्या हवेने आणि पाण्याने काही प्रश्न आणखी उभे राहतात. झोअँथिडला 24 ते 27 अंश तापमान, 1.025 च्या आसपास सापेक्ष घनता (पाण्याच्या खारटपणाचे माप) आणि 8 ते 9 डीकेएच क्षारता मानवते. नायट्रेट लिटरमागे 5 ते 15 मिलिग्रॅम असले तरी चालते, किंबहुना अगदी निर्मळ पाण्यात झोआ आक्रसतात. हे आकडे एकदा गाठण्यापेक्षा रोज तेच राखणे महत्त्वाचे. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते; सोसायटीत टँकर किंवा बोअरचे पाणी मिसळले की त्याचे क्षार आठवड्यागणिक बदलतात. पिण्यासाठी बसवलेले घरचे आर.ओ. यंत्र इथे पुरत नाही, कारण त्यातून निघालेल्या पाण्यातही क्षार शिल्लक असतात, किंबहुना चवीसाठी ते मुद्दाम ठेवलेले असतात. आर.ओ.च्या पुढे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या डी.आय. रेझिनची नळी जोडून टी.डी.एस., म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शून्य दाखवणारे पाणीच वापरावे, आणि पाणीकपातीचा विचार करून दोन कॅन आधीच भरून ठेवावेत.

एप्रिल-मे महिन्यांत पुण्याची हवा कोरडी असते, त्यामुळे टँकमधले पाणी झपाट्याने उडते. मीठ मात्र उडत नाही, ते मागे राहते आणि खारटपणा वाढत जातो. दररोज कमी झालेले पाणी भरायचे ते गोडेच, हे नव्या माणसाला वारंवार सांगावे लागते. याच कोरडेपणाचा एक फायदाही आहे : पाण्याच्या पृष्ठभागावर सोडलेला साधा पंखा उन्हाळ्यात तापमान दोन-तीन अंशांनी उतरवतो. पारा चाळिशीला टेकला की मात्र चिलरच लागतो. पावसाळ्यात हवेतला दमटपणा वाढतो, पंख्याचा परिणाम घटतो, पण तेव्हा हवाच थंड झालेली असते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हीटर विसरू नये. वीज गेल्यावर दिव्यांपेक्षा पाण्याची हालचाल तातडीची असते, म्हणून इन्व्हर्टरवर निदान एक वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलते ठेवणारा पंप, जोडलेला असावा.

मुंबईच्या हाजी अलीजवळच्या किंवा मालवणच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी झोअँथिड दिसतात, आणि ते बघून अनेकांना एखादा तुकडा आणण्याचा मोह होतो. तो टाळावा. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून कठीण सांगाड्याची प्रवाळे, काळी प्रवाळे, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्री पंखे यांना संरक्षण आहे. त्या यादीत झोअँथिडचे नाव नाही, पण ते ज्या दगडाला चिकटलेले असते तो दगड पुष्कळदा प्रवाळाचाच सांगाडा असतो. म्हणून टँकमध्ये वाढवलेला, सिरॅमिकच्या प्लगवर बसलेला फ्रॅगच मागावा. तो कुठे वाढवला हे विकणाऱ्याला विचारावे आणि उत्तर नीट मिळाले नाही तर घेऊ नये. अशा फ्रॅगचा दुसरा फायदा हा की, तो कृत्रिम दिव्यांना आणि मिसळलेल्या मिठाला आधीच सरावलेला असतो.

क्वारंटाइन संपले की नवा फ्रॅग सरळ खडकावर चिकटवू नये. आधी तीन आठवडे तो वाळूवर, वेव्हमेकरच्या थेट झोतापासून दूर ठेवावा. पॉलिप पूर्ण उघडून चकती सपाट राहिली तर तेवढा प्रकाश त्याला पुरतो. नळ्या वर ताणू लागल्या तर दर आठवड्याला बोटभर वर सरकवावा. कडा आत वळू लागल्या तर सावलीत घ्यावा. ज्या उंचीवर आठ दिवस तो ताणलेला नाही आणि आक्रसलेलाही नाही, तीच त्याची जागा. तिथे सुपरग्लू जेलचा वाटाण्याएवढा थेंब लावून प्लग दाबून धरावा, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी दिवे लागेपर्यंत त्याला हात लावू नये.